पान एकशे बारा

दर दुसऱ्या मंगळवारी, सव्वादहाला,
आमची पुस्तकांची गाडी रॉथबरीच्या पुढे
नदीच्या वळणावर थांबते.
कीथ इंजिन बंद करतो, मी पायरी खाली सोडते,
आणि विल्फ चार्लटन, वय एक्याऐंशी,
टोपी काढून आत येतात,
जणू कुणाच्या घरी आलेत.

"हेम," ते म्हणतात. हेमांगी त्यांना झेपत नाही.
त्यांच्या भाषेत हेम म्हणजे कापडाची दुमडलेली कड,
माझ्या भाषेत सोनं.
मी दोन्ही चालवून घेते.
"हेम, बरं वाटेल असं काहीतरी दे."

पहिल्यांदा मी चुकले.
वर पिवळा रंग, सायकल, हसणारी बाई.
मला वाटलं, असेल यात आनंद.
पंधरा दिवसांनी पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले,
"पान एकशे बारा. कुत्रा मेला."
एवढंच. मग खिडकीतून बघत राहिले,
बाहेर त्यांची म्हातारी नेल
गाडीच्या चाकाला टेकून बसली होती.

तेव्हापासून मी आधी वाचते.
रात्री, हीटरला पाय लावून, मांडीवर पुस्तकांचं सूप.
आमच्याकडे निवडणं हा एकच शब्द आहे,
तांदळालाही तोच, नवऱ्यालाही तोच,
आणि खडा दोन्हीकडे दाताखाली आल्यावरच कळतो.
म्हणून पान न् पान पाखडते:
कुत्रा आहे का? आहे. म्हातारा आहे का?
शेवटी कोण उरतं?

सुखाच्या दहा पायऱ्या सांगणारं एक दिलं होतं,
ते त्यांनी न उघडता परत केलं.
"तुझ्या गाडीच्या तीनच चढताना
गुडघे बोलायला लागतात, पोरी."
दोन बहिणी कुंपणावरून दोनशे पानं भांडतात,
ते आवडलं. बहिणींपेक्षा कुंपण जास्त.
एका पोस्टमनने वर्षभर
एकाच शेतावरच्या ढगांची नोंद ठेवलेली,
ते तर तीनदा नेलं.
"काहीच घडत नाही," म्हणाले, "फार छान आहे."

मला कुणी विचारलं नाही, पण सांगते:
माझ्या उशाशी बियाण्यांचं कॅटलॉग असतं.
बाहेर चार वाजता अंधार, गारांचा मारा,
आणि बत्तिसाव्या पानावर कुणीतरी छापून ठेवलंय
की मेमध्ये पेरलेली मेथी जूनमध्ये खाता येईल.
इतकं ठाम बोलणारं
दुसरं कोण आहे माझ्या ओळखीचं?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी
विल्फ टोपीशिवाय आले.
काढायला हातात काही नव्हतं म्हणून
दारात जरा घुटमळले.
चाकाशी कुणी नव्हतं.
कीथने रेडिओ बंद केला.

मी घाईघाईने हलकीफुलकी काढली,
बागेतली, केकमधली, समुद्रावरच्या सुट्टीतली,
ज्यांत एक माशीसुद्धा मरत नाही अशी.
त्यांनी ढीग हळूच बाजूला सारला,
जेवण झालेला माणूस ताट सारतो तसा.

"ते पिवळं आहे का अजून? सायकलवालं?"
मी म्हटलं, "विल्फ, त्यात…"
"ठाऊक आहे. एकशे बाराला मी मिटलं होतं.
आता बघायचंय,
एकशे तेरावर ती माणसं काय करतात."

मी वाचलेलं होतं.
ओठांवर आलेलं गिळलं.
पुस्तक मागच्या फडताळात होतं,
एकशे बाराव्या पानाचा कोपरा अजून दुमडलेला,
कापडाच्या कडेसारखा.
मी तो सरळ केला नाही.

शिक्का मारला. सत्तावीस नोव्हेंबर.
"गाडी येणार ना त्या दिवशी?"
"बर्फ पडलं तरी," कीथ पुढून म्हणाला.
त्यांनी पुस्तक कोटाच्या आत घातलं, बटण लावलं,
आणि पायऱ्या उतरताना
गुडघ्यांना काहीतरी दरडावलं.